पकडीचं वाण

"आई, ती ट्रंक आता उघडू नका. बायका येतीलच." मुग्धा दारातूनच म्हणाली. अंगावर काळी पैठणी, हातात हळदी-कुंकवाचं तबक आणि चेहऱ्यावर परीक्षेला निघाल्यासारखा घोर.

ट्रंक उघडून झाली होती. प्रेमलाबाई तिच्यातली एकेक वस्तू काढून पलंगावर मांडत होत्या.

"उद्या सकाळी भंगारवाला येणारय ना? जाणाऱ्यांची तोंडं तरी बघून घेते."

"तुम्ही पण ना! ह्यांच्या ऑनलाइन क्लासला खोली लागतेय, म्हणून चाललंय सगळं. कुणाला हौस आहे का?" मग आवाज खाली आणून, "तुम्ही आतच आराम करा. मी फराळाचं इकडंच पाठवते."

हा आराम प्रेमलाबाईंच्या ओळखीचा होता. यजमान राघवेंद्रराव गेल्यापासून दर संक्रांतीला तो त्यांना मिळत आला होता.

नांदेडच्या एका शाळेत प्रेमलाबाईंनी जन्मभर चित्रकला शिकवली. म्हणजे गणिताच्या सरांनी ज्या दिवशी त्यांचा तास मागितला नाही, त्या दिवशी शिकवली. दोन डोंगर आणि मधला सूर्य त्या मुलांना काढू देत नसत. "घरातली गाळणी काढून आणा," म्हणत. यावर एका पालकानं तक्रार केली, की आमच्या पोराला बाई स्वयंपाक शिकवून राहिल्या. साहेब चौकशीला आले, त्यांनाही बाईंनी गाळणीच काढायला बसवलं. त्यांना ती जमली नाही. चौकशी तिथंच संपली.

संक्रांत ते रथसप्तमी हा बाईंचा हंगाम. गल्लीतल्या सगळ्या हळदी-कुंकवांना त्या जात आणि वाण घेऊन येत. वाण म्हणजे गाळणी, साबणदाणी अशी घरात लागणारी बारकी वस्तू. आलेलं वाण कपाटात टाकायचं आणि पुढच्या वर्षी, कुणी दिलं ते आठवून, तिला सोडून दुसरीला लुटायचं, हा सर्वमान्य रिवाज. या हिशेबानं नांदेडातल्या काही साबणदाण्यांनी आख्खं शहर बघितलेलं होतं. प्रेमलाबाई मात्र वाण ठेवून घेत. सगळं नाही. डोळे मिटून वस्तू हातात घ्यायची. कुठं धरायची हे हाताला विचारावं लागलं, तर ती नापास. पास झालेल्या ट्रंकेत. एका बोटानं उघडणारा कुंकवाचा करंडा. करंजीचं कातणं, ज्याचं चाक आजही कुरकुरत नव्हतं. पाणीटंचाईच्या वर्षानंतर लातूरच्या नणंदेनं दिलेला मग, नेहमीच्या मगापेक्षा अर्धा. "ह्या मगाला दुष्काळ माहीत आहे," असं बाई कौतुकानं म्हणत. नणंदेनं तो स्वस्त पडला म्हणून आणला होता.

मग राघवेंद्रराव गेले. त्यानंतरच्या संक्रांतीला शेजारणी यायच्या त्या दारातूनच, "काकू, सूनबाई आली असेल तर पाठवा हं." मुलाच्या फ्लॅटवर राहायला आल्यावरही तेच. नवरा हृदयविकारानं गेला, हे बाईंना डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. त्यापायी गाळणी का बंद झाली, हे कुणीच सांगितलं नाही.

बाहेर बेल वाजू लागली. "अय्या, फ्लॅट किती मोकळा वाटतोय!" वगैरे सुरू झालं. मुग्धानं वाणासाठी ऑनलाइन मागवलेले पारदर्शक डबे टीपॉयवर रचले होते. त्यांचा उपयोग काय, हे खोक्यावरही लिहिलेलं नव्हतं.

प्रेमलाबाईंनी ट्रंकेच्या तळातून फडक्यात गुंडाळलेली पकड काढली. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला काळी साडी आणायला राघवेंद्ररावांना वजिराबादच्या बाजारात पाठवलं होतं. ते ही घेऊन आले. "साडी सगळेच देतात गं. हिचा आ बघ. पातेलं लहान असो मोठं असो, सोडायची नाही." सासूबाई म्हणाल्या, "सणाला लोखंड आणलंस? तुला देवानं डोकं देताना रांग लागली होती का?" साडी त्या वर्षी आलीच नाही. पकडीनं संसारभर एकही पातेलं सोडलं नाही.

बाईंनी पकड पलंगावर बाकीच्यांच्या शेजारी ठेवली. कपाटातून काळी सुती साडी काढली. ती नेसल्या, देवघरातल्या कोयऱ्या उचलल्या आणि खोलीचं दार सताड उघडलं.

समोर स्वयंपाकघर, पलीकडे हॉल. ओट्याशी रेणापूरकडच्या कावेरीबाई पोळ्या लाटत होत्या. कामाला येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. हळदी-कुंकवाला त्यांना कुणी कधी बोलावलेलं नव्हतं.

"कावेरीबाई, लाटणं ठेवा. या इकडं. वाण घ्या."

"मला?" कावेरीबाईंनी मागं बघितलं. मागं फ्रिज होता. "आवो बाई, माझं कपाळ मोकळं हाय."

"माझंही. या."

"लोकं काय म्हनतील?"

"म्हणून झालंय त्यांचं. या. पलंगावरचं काय आवडेल ते उचला."

कावेरीबाईंनी पदराला हात पुसले आणि पलंगाशी येऊन उभ्या राहिल्या. करंडा बघितला, कातणं बघितलं. हात पुढं गेला तो सरळ पकडीवर. त्यांनी ती दोनदा उघडमीट केली.

"ही घ्यू?"

तेव्हा प्रेमलाबाईंच्या ध्यानात आलं. ती निराळी ठेवायची राहिली होती. 'ती सोडून' हे शब्द ओठापर्यंत आले. पण वाण लुटायचं म्हणतात, निवडून द्यायचं म्हणत नाहीत. बाईंनी शब्द गिळले.

"घ्या. चांगली आहे."

त्यांनी कावेरीबाईंना हळद-कुंकू लावलं. कावेरीबाईंनी जरा थांबून, पिठाच्या बोटानं, त्यांना लावलं.

हॉलमधल्या गप्पा थांबल्या होत्या. दारात मुग्धा उभी होती, आणि तिच्यामागं तिच्या मावशी, अंबिकाताई. सोसायटीचं धर्मखातं त्यांच्याकडं होतं.

"प्रेमलाबाई, हे काय नवीनच? कुठल्या शास्त्रात बसतं हे?"

"गाळणी कुठल्या शास्त्रात बसते, अंबिकाताई? तरी दरसाल देताच की."

"आई, उगं तमाशा नको ना," मुग्धा पुटपुटली.

"तमाशा कसला? तुझं हॉलमधे चाललंय, माझं इथं. भंगारात जाण्यापेक्षा माणसांत जाऊ दे. ज्यांना चालतं त्यांनी यावं, नाही त्यांच्यासाठी तुझे डबे आहेतच."

मग समोरच्या फ्लॅटमधली आरती उठली. लग्न होऊन तिची ही पहिलीच संक्रांत. अंगावर हलव्याचे दागिने होते, त्यातले दोन-चार दाणे तिनं आधीच खाऊन टाकले होते.

"काकू, तो छोटा मग दाखवा ना. कित्ती गोड आहे!"

"गोड नाही गं, शहाणा आहे तो. कपाळ पुढं कर."

आरतीच्या मागून आणखी काहीजणी आल्या. काहीजणी मोबाइलमध्ये डोकं घालून बसल्या. अंबिकाताई पारदर्शक डबा घेऊन, चपला वाजवत निघून गेल्या. दिवेलागणीपर्यंत पलंगावरची चादर दिसू लागली.

मुग्धानं रिकाम्या ट्रंकेत डोकावून बघितलं. "ह्यांना काय सांगू?"

"सांग, खोली झाली. ट्रंक भंगारवाल्याला दे, ती माझ्या परीक्षेतही नापासच आहे. कडी हाताला लागते."

मुग्धाला हसू आलं. तिनं ते लपवलं. पलंगाच्या कडेला मागं राहिलेलं कातणं उचलून तिनं त्याचं चाक बोटानं फिरवलं. ते कुरकुरलं नाही. प्रेमलाबाईंनी कोयरी पुढं केली. मुग्धानं एकदा बंद पुढच्या दाराकडं बघितलं आणि मग कपाळ पुढं केलं.

इतक्यात ओट्यावर दूध वर आलं. कावेरीबाईंनी कमरेला खोचलेली पकड काढली, पातेलं अलगद उचलून खाली ठेवलं. थेंब सांडला नाही. पकड पदरानं पुसून त्यांनी परत कमरेला खोचली आणि चपला शोधू लागल्या.

प्रेमलाबाई खुर्चीत बसून बघत होत्या. मांडीवरची त्यांची उजवी मूठ, तिकडं पातेलं उचललं गेलं तेव्हा, आपोआप आवळली गेली होती. कावेरीबाईंच्या मागं दार लागलं, तेव्हा बाईंनी ती मूठ उघडली.