त्याच्या बाह्या, माझे हात

मालिकांतल्या नटांसाठी मी केसांचे टोप बनवतो आणि बसवतो. टकल्याला झुलपं देणं हाच माझा धंदा, त्यामुळे भल्याभल्यांची मान माझ्यापुढे खाली असते. या वेळी टोप होता हुकूमशहाचा. आमच्या घरी त्याचं नाव घेत नाहीत. 'तो' म्हणजे तोच. त्याच्या माणसांनी आमच्या वडिलांना भर दुपारी ताटावरून उठवून नेलं, ते परत आलेच नाहीत. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो आणि धाकटी बहीण पाचची.

हे काम घेतल्याचं बहिणीला कळलं तेव्हा ती म्हणाली, "दादा, पोटासाठी लाव त्याला केस. पण त्याला चांगला दाखवायला हातभार लावलास, तर माझ्या दारात येऊ नकोस." ती बोलते ते करते. आणि बायको गेल्यापासून मला तिच्याशिवाय कोणी नाही.

त्याच्यावरच्या या मालिकेचा नववा भाग त्याच्या घरातला होता. बायकोशी अबोला, आईचा धाक, आणि रोज सकाळी मुलीची वेणी. लेखिकेला हे त्याच्या घरी राबलेल्या एका म्हातारीने सांगितलं होतं. आमच्या नटाला मात्र वेणी काही येईना. अर्धा दिवस खपून त्याने मुलीचं काम करणाऱ्या पोरीच्या डोक्याचं पार घरटं करून ठेवलं. शेवटी दिग्दर्शिका माझ्याकडे वळली. "काका, नुसते हात दिसतील. तुमचेच घेऊ या?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलंसुद्धा. पण पोरीचे डोळे भरले होते, टाळू लालेलाल झाली होती. मी गणवेशाच्या बाह्यांत हात घातले. तो मुलीची वेणी घालायचा, हे मला खरं वाटत होतं. तेच सोसवत नव्हतं. ज्याला हे जमायचं, त्याने दुसऱ्या पोरीचा बाप कसा नेला?

फणी लावण्याआधी मी डावा तळवा तिच्या कानावर ठेवला, मग हळूच केस ओढले. तीन पेड, घट्ट वेणी, वर रिबीन. कॅमेरा थांबल्यावर दिग्दर्शिका धावतच आली. "काका, तो कानावरचा हात! कुठून सुचलं हो?"

सुचतंय कसलं! वडील गेल्यावर आई कारखान्यात लागली, उजाडायच्या आत बाहेर पडायची. बहिणीची वेणी माझ्या गळ्यात पडली. त्या वर्षी तिचा कान फुटला होता, फणी लागली की ती किंचाळायची. म्हणून आधी कान झाकायचा. पुढे कान बरा झाला, हाताची खोड राहिली. आणि आता ती मी त्याला देऊन बसलो होतो.

"पुन्हा घेऊ," मी म्हटलं. दिग्दर्शिकेने ऐकलं नाही.

तो भाग लागणार त्या संध्याकाळी मी बहिणीकडे गेलो. आधीच कबूल करून मोकळं व्हायचं ठरवलं होतं. बघतो तर तिनेच टीव्ही लावलेला.

"आठही भाग पाहिलेत," ती म्हणाली. "टोप मात्र झकास बसवलायस मेल्याचा."

"मला काहीतरी सांगायचंय."

"जाहिरातीत सांग."

जाहिरातीच्या आधीच त्या बाह्या आल्या. मग कानावर तळवा. बहिणीचा हात आपसूक स्वतःच्या कानाकडे गेला. रिबीन बांधून होईपर्यंत ती हलली नाही. मी उठून चपला शोधायला लागलो.

"बस," ती म्हणाली. "त्याला का दिलंस रे आपलं?"

"त्या पोरीला दुखत होतं."

जाहिराती लागल्या, तिने आवाज बारीक केला. मग म्हणाली, "राग आलाय मला. उद्या भांडणारच आहे. पण दादा, शाळा संपेपर्यंत तू रोज माझी वेणी घातलीस, आणि मी सदा तुझ्याकडे पाठ करून. तुझे हात कसे चालतात ते मला कधी दिसलंच नाही."

तिने माझे दोन्ही हात ओढून आपल्या मांडीवर घेतले. जाहिराती संपल्या, पुढचा प्रसंग सुरू झाला, तरी सोडले नाहीत.