वेलींखालचं घर

मित्रांनो, कपाटाच्या वरच्या फळीवर पडून असलेला जुना कॅमेरा तो मीच. एके काळी ड्रोनच्या पोटाला बांधून मला वाईनच्या द्राक्षबागेवर उडवत. तुम्हाला सगळे वेल हिरवेच दिसतात. मला पानांवरून परतणारा, तुमच्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाशही दिसतो. माझ्या चित्रात जोमदार वेल लाल येत, खुरटलेले निळे. दोन्हींची द्राक्षं वेगळी तोडली की वाईन चांगली उतरते. माझं कौतुकही पुष्कळ झालं.

बाग दोघा भावंडांची. चित्रं ताई बघायची. तोडणीचं अवजड यंत्र धाकटा भाऊ चालवायचा. एका कोरड्या वर्षी उताराच्या टोकाला निळ्या रेघा उमटल्या. सरळ, काटकोनात वळलेल्या.

"अगं, खाली दगड असले की वेल खुरटतात. या तर भिंती," भाऊ म्हणाला. "या खोल्या. हे दार."

"आजोबांच्या आधी इथे कोणी राहत होतं?"

"छे, मोकळा माळ घेतला म्हणायचे. तुझ्या कॅमेऱ्याला मोतीबिंदू झालाय, ताई."

त्यांनी माझी काच पुसली. पुढच्या खेपेला घर अधिकच स्पष्ट आलं, आणि त्याच्यामागे एक लालभडक वर्तुळ. बाकी बाग सुकत असताना तेवढेच वेल माजले होते. यंत्राला सलग पट्टे लागतात, म्हणून असे छोटे डाग संगणकात आजूबाजूच्या रंगात मिसळून टाकायची त्यांची रीत होती. वर्तुळ नकाशावरून गेलं. बागेत मात्र ते होतंच.

तोडणीच्या सकाळी ताईने मला पुन्हा उडवलं. वर्तुळातले वेल आता आत झुकले होते, जणू मधोमध कोणी हळू आवाजात बोलत होतं. यंत्र तिकडेच चाललं होतं. ताई पडद्याकडे बघत राहिली आणि एकदम धावत सुटली.

"थांबव! आधी खाली उतर!"

"ओरडतेस काय? साप निघाला का?"

"विहीर असणार तिथे, गाढवा! उतर!"

कुरकुरत त्याने यंत्र थांबवलं आणि उतरून तो तिच्याकडे आला. त्याच्या पाठीमागे यंत्र सावकाश पुढे कललं आणि जमिनीत गेलं. आवाज वर यायला फार वेळ लागला.

विहीर लाकडांनी झाकून वर माती ओढलेली होती; लाकडं आता कुजली होती. झाकली होती ती घाईत नव्हे, अगदी नीट. कोणी झाकली आणि त्या घरात कोण राहत होतं, हे अजून कोणाला ठाऊक नाही.

मित्रांनो, मला जपा असं म्हणायचा मला धीर होत नाही. नवा कॅमेरा माझ्याहून हुशार असेल. पण नकोसा डाग नकाशावरून पुसण्याआधी एकदा पायी जाऊन तो बघा. एकटे मात्र जाऊ नका.