वाट बघितल्याची सही

"आधी सही करा, मग काय ते फिरा," फाटकाशी उभे राहून साहेब म्हणाले. "माणसं ताटकळलीत."

पाऊस पहाटे थांबला होता. जंगलातून धबधब्यापर्यंतची वाट जेमतेम वीस मिनिटांची. पण पावसानंतर मी ती आधी एकट्यानं चालून यायची, कठड्याचा खांब न खांब हलवून बघायचा, वहीत सही करायची आणि मगच फाटक उघडायचं, असा नियम. नियम कागदावर. एकोणीस वर्षं मी आधी सही ठोकत आलो आणि वाट नंतर बघत आलो. माझ्या आधीचाही तेच करायचा. साहेबांना आठच्या ठोक्याला वही लागते आणि मला चहा.

"आज आधी बघून येतो," मी म्हणालो.

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. मग त्यांचं लक्ष झाडू घेऊन उभ्या असलेल्या पोरीकडे गेलं. पायऱ्यांवरचा पाला झाडणारी आमची मावशी दोन महिन्यांपूर्वी धबधब्यात पडून वारली. ही तिची लेक, आईच्या जागी कालच आलेली.

"चपला बघून घालत जा गं," साहेब म्हणाले. "आईसारखं करू नकोस."

पोरीनं मान खाली घातली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"चल माझ्याबरोबर," मी तिला म्हणालो आणि फाटक आतून लावून घेतलं. साहेब बाहेरून काहीबाही बोलत राहिले.

झाडं अजून गळत होती. वर ऊन असेल, खाली अंधारच. मुळांवर शेवाळ, पायऱ्यांवर गाळ, पायाला जळवा. पोरगी पाला सारत मागून येत होती. मी प्रत्येक खांबाला लाथ घालत होतो. खांबांचा बिचाऱ्यांचा काय दोष! लाथ मलाच बसायला हवी होती.

धबधबा गढूळ होऊन कोसळत होता. तिथल्या कठड्यात एकच खांब नवा होता.

"इथंच का?" तिनं विचारलं.

"इथंच. जुना खांब बुडाशी कुजला होता. त्या दिवशी मी वाट न बघताच सही केली. चौकशीत ती सही दाखवून साहेबांनी लिहिलं, वाट ठीक होती, बाईची चप्पल निसरडी होती. नोकरी जाईल म्हणून मी गप्प बसलो."

पाण्याच्या आवाजात तिला ऐकूच गेलं नाही. तिनं कान पुढे केला आणि मला ते सगळं पुन्हा ओरडून सांगावं लागलं.



"ती चप्पल मी घेऊन दिली होती, काका," ती ओरडली. "दोन महिने मी स्वतःला खातेय! आणि तुम्ही रोज खाली बसून चहा पीत होतात?"

ती वळली आणि भराभर उतरू लागली. एकदाही मागे बघितलं नाही.

फाटकाबाहेर साहेब वही उघडून तयार होते. "झालं समाधान? करा सही."

"आधी ऐकून घ्या," मी म्हणालो. "मावशी पडली त्या दिवशी..." मी आवाज खाली आणला. बाहेरची वीस-पंचवीस माणसं आमच्याकडे बघू लागली.

"ऑफिसात बोलू," साहेब घाईघाईनं म्हणाले.

पोरगी फाटकाला पाठ लावून उभी राहिली.

"इथंच," ती म्हणाली. "आणि मोठ्यानं, काका."

मी पहिल्यापासून सांगायला लागलो.