अठरा सेकंदांची साक्ष

मित्रांनो, माझ्या अंगावर लोखंडी पाइपाची खूण आहे, तरी थोडे बोलते. मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. माझ्या पोटात आरशासारख्या तबकड्या आहेत. त्या मिनिटाला पाच हजार चारशे वेळा फिरतात आणि त्यांच्यावर, केसाहूनही कमी अंतरावर, एक सुई तरंगते. सुई टेकली की ओरखडा उठतो आणि तिथे लिहिलेले कायमचे जाते.

माझी नोकरी बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत होती. मॅनेजरच्या खोलीत, एका काळ्या पेटीत मला बसवले होते. गिरणीतले आठ कॅमेरे पाहतील ते मी लिहीत असे. सुरुवातीला पाहुणे आले की मॅनेजर पेटी दाखवायचा. "हिच्यापासून काही लपत नाही," म्हणायचा. पुढे पेटीवर धूळ बसली. मग तिच्यावर चहाचे उष्टे कपही राहू लागले.

कॅमेऱ्यांना कान नव्हते, म्हणून गिरणीतले सगळे मी नुसते पाहिले. सुपरवायझर प्रीतमचा हात रोज दिसे. तो कामगारांच्या मानेवर, पाठीवर, कधी तोंडावर पडायचा.

मार्चमधल्या एका दुपारी कापूस पिंजणाऱ्या मशीनमध्ये गोळा अडकला. मशीनवर जागेश्वर होता. तो उमरेडच्या विणकर घरातला. घरचा हातमाग थांबल्यावर गिरणीत आलेला. झाकण उघडले की मशीन आपोआप थांबवणारी एक कळ होती, पण काम अडू नये म्हणून प्रीतमने ती आधीच तारेने बांधून ठेवली होती. जागेश्वरने लाल बटणाकडे बोट दाखवले. आधी बंद करा, एवढेच. प्रीतमने त्याच्या कानाखाली मारली, झाकण उचलले आणि त्याची मान धरून त्याला पुढे लोटले. जागेश्वरने उजवा हात आत घातला. दातेरी रुळाने तो पकडला आणि कोपरापर्यंत ओढून नेला. पांढरा कापूस लाल झाला. बटण प्रीतमपासून तीन पावलांवर होते. त्याने ते अठरा सेकंदांनी दाबले. प्रत्येक चित्रावर मी वेळ लिहिते, त्यामुळे यात चूक नाही.

संध्याकाळी खोलीतले बोलणे मात्र मी ऐकले.

"दारू पिऊन आला होता, झाकण त्यानंच उघडलं, असं लिहून टाक," मॅनेजर म्हणाला.

"अन् याचं काय?" प्रीतमने पेटीकडे पाहिले. "पुसू का?"

"पुसलेलं काढता येते म्हणतात. फोड."

प्रीतमच्या लोखंडी पाइपाच्या पहिल्या घावाने पेटी फुटली. दुसरा माझ्यावर पडला. मला भंगारात फेकले. सकाळी झाडायला आलेल्या कांताबाईने मला उचलले आणि फडक्यात गुंडाळले. त्या मशीनखालचे रक्त तिनेच पुसले होते.

पुढच्या महिन्यात ती आणि जागेश्वर मला हुडकेश्वरच्या एका कॉम्प्युटर दुकानात घेऊन आले. जागेश्वरच्या शर्टाच्या उजव्या बाहीला गाठ मारलेली होती. सोमवारी अपघाताची सरकारी चौकशी होती. तो दारुडा ठरला, तर हात गेला हा त्याचाच गुन्हा ठरणार होता.

दुकानातल्या धनश्रीने मला वायर लावली. काहीच झाले नाही.

"मेली का वं?" कांताबाईने विचारले.

"नाही मावशी, उपाशी आहे. हिले बारा व्होल्ट लागतात, या वायरीतून पाचच येऊन राहिले."

तिने वीज वेगळी जोडली. मी कण्हत फिरू लागले. कॉम्प्युटरला मी दिसले, पण माझे लिखाण कळेना. कॅमेऱ्याची पेटी आपल्या वेगळ्याच पद्धतीने लिहिते. त्याला मी कोरी वाटले. त्याने पडद्यावर विचारले: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. करायची का?

"दाब ना मग होय," जागेश्वर म्हणाला. "तो स्वतःच सांगून राहिला." त्याने डाव्या हाताने माउस पकडला. बाण 'होय'वर पोचला.

धनश्रीने त्याच्या मनगटावर फाडकन फटका मारला. माउस टेबलाखाली लोंबकळला.

"एकच तं उरला, पोरी," जागेश्वर हात चोळत म्हणाला. "याले तरी नको मारू."

धनश्रीचा चेहरा उतरला. "चुकलं, काका. पण फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं. त्याले हिचं वाचता येत नाही, म्हणून तो हिले कोरी समजून राहिला."

तिने 'नाही' दाबले. मग मला दुसऱ्या कॉम्प्युटरला असे जोडले, की तो मला फक्त वाचेल, माझ्यावर काही लिहिणार नाही. माझी प्रत नव्या डिस्कवर उतरू लागली. पाइपाच्या घावाने वाकलेल्या जागेपाशी सुई पुन्हा पुन्हा अडखळत होती. दिवसभर मी ते सोसले. थोडेच उरले असताना सुई तबकडीला टेकली आणि मी थांबले. पण मार्चची ती दुपार उतरली होती.

धनश्रीने प्रत चालवली.

"थांबव," जागेश्वर म्हणाला.

पडद्यावर त्याचा उजवा हात लाल बटणाकडे लांब झाला होता. पाची बोटे होती.

"एवढंच राहू दे थोडा वेळ."

तो पाहत राहिला. मग म्हणाला, "आता चालव." कांताबाईने भिंतीकडे तोंड केले. त्याने अठराही सेकंद पापणी न लववता पाहिले.

सोमवारी चौकशीत अधिकाऱ्यांनीही ते पाहिले. दारूची ओळ खोडली गेली, आणि प्रीतमला पोलीस घेऊन गेले.

मित्रांनो, मी आता फिरत नाही. जागेश्वरच्या घरी, बंद हातमागावर पडून असते. तुमच्याकडे एवढेच मागते. एखादी गोष्ट ओळखू आली नाही, म्हणून ती कोरी समजू नका. पुसू का, असे कोणी विचारले तर घाईने होय म्हणू नका. आणि एखाद्याने लाल बटणाकडे बोट दाखवले, तर बाकी सगळे नंतर. आधी ते दाबा.