चिंधीच्या उंदराचे डोळे

चिंधी नावाच्या कुत्र्याच्या पिल्लानं कोटाचं बटण गिळलं आणि सगळ्या घराचा जीव टांगणीला लागला. बटण दुसऱ्या दिवशी आपल्या वाटेनं बाहेर आलं, तरी सूनबाई पिल्लाला घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. सासरेही सोबत होते.

"या वेळी तिनं काढलं, पुढच्या वेळी मला पोट फाडून काढावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दात येताहेत, काहीतरी चावायला द्या. तोंडात मावणार नाही एवढं मोठं, नखानं दाबलं की दबेल इतकं मऊ. आणि सुटून येईल असं त्याच्यावर काही नको."

सूनबाईनं सगळं कानात साठवलं. कडेवरच्या तान्हीलाही दात येत होते, तिचेही नियम हेच. सासऱ्यांनी फक्त 'काहीतरी द्या' एवढंच ऐकलं.

सासरे शिंपी. त्यांची एकच बढाई: कापड फाटेल, पण माझं बटण तुटणार नाही. संध्याकाळपर्यंत त्यांनी कापूस भरून गुबगुबीत उंदीर शिवला आणि डोळ्यांच्या जागी दोन काळीभोर बटणं लावली.

"बाबा, बटणं नकोत."

"मग त्याला दिसणार कसं?"

"कुणाला?"

"उंदराला."

"त्याला चावून घ्यायचंय, बाबा. न दिसलेलंच बरं."

सासूबाई भाजी निवडता निवडता फिसकन हसल्या. तिथेच बिनसलं.

"ओढून दाखव," सासरे म्हणाले. "निघालं तर सुई खाली ठेवतो."

त्यांना सगळ्यांदेखत हरवायचं तिच्या जिवावर आलं होतं. पण चिंधीचं इवलंसं पोट डोळ्यांसमोर होतं. तान्हीला सासूबाईंच्या मांडीवर देऊन तिनं बटण चिमटीत धरलं आणि जीव खाऊन ओढलं.

बटण तुटलं नाही. कापड मात्र टर्रकन फाटलं. बटणाबरोबर चिंधोटी आली, चिंधोटीमागून कापूस. चिंधीनं झेप घेतलीच. सूनबाईनं तिच्या जबड्यात बोट घालून बोळा बाहेर काढला.

"बटण नाही तुटलं," सासरे हळूच म्हणाले.

"नाही तुटलं, बाबा."

"उंदीर मेला," सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी फाटका उंदीर उचलून बाजूला ठेवला. मग त्यांनी चिंधीला टेबलावर उभं करून टेपनं तिच्या जबड्याचं माप घेतलं. "वाढतं अंग आहे. दोन बोटं सैल धरतो."

सुईदोरा बाजूला सारून त्यांनी सुती कापडाच्या पट्ट्यांची वेणी घातली, चांगल्या जाड गाठी मारल्या, नखानं दाबून पाहिल्या आणि वेणी सुनेपुढे धरली. "ओढ. माझी भीड नको धरूस."

तिनं धरली नाही. गाठ हलली नाही.

"एकटीला सोडायचं नाही हं, बाबा."

"मी कुठं जातोय?"

ते जमिनीवर फतकल मारून चिंधीशेजारी बसले. जेवणाआधीच एका पट्टीची कड विसविशीत झाली. सूनबाई काही बोलायच्या आत त्यांनी वेणी काढून घेतली आणि नव्या पट्ट्या कापायला घेतल्या.

"असं गिऱ्हाईक जन्मात मिळालं नव्हतं," ते खुशीत म्हणाले. "दिलं की फाडतं, आणि पुन्हा माझ्याच दारात येऊन बसतं."