टोकाशी राहिलेली जागा

छोट्या मित्रांनो, मी डाव्या पायाचा बूट आहे. जुना, तपकिरी, चार वेळा तळ बदललेला. मला एकदाच, फक्त एकदाच ओरडता आलं असतं, तर एका माणसाचा पाय आज धडधाकट असता.

मला माझ्या मालकाने स्वतःसाठी घडवलं. तो बूट शिवणारा कारागीर. रस्त्यालगत त्याचं छोटं दुकान. लोकांचे बूट करून उरलेल्या चामड्यातून त्याने आम्हा जोडीला बनवलं, पण टाके असे घातले की गिऱ्हाइकं विचारायची, "काका, हे कुठून घेतलेत?" तो मिशीतल्या मिशीत हसायचा. तेव्हा माझा रुबाब काही विचारू नका!

त्याचा एक नियम होता. दुरुस्त केलेला बूट देण्याआधी तो आत हात घालून बोटांनी सगळीकडे चाचपायचा. खिळ्याचं टोक वर आलं असेल तर ठोकून बसवायचा. आम्हाला मात्र त्याने कधी चाचपलं नाही. "स्वतःच्या बुटात हात कशाला घालायचा? टोचलं तर पाय सांगेलच की," तो म्हणायचा.

काम करताना त्याच्या ओठांत खिळे आणि गालात लिमलेटची गोळी असायची. एक संपली की दुसरी. दिवसात सहा चहा, प्रत्येकात चार चमचे साखर. दुपारी गोड रंगीत पाण्याची बाटली. शेजारी बसून शिवणारी त्याची लेक चिडवायची, "बाबा, एक दिवस गोळी ठोकाल आणि खिळा चघळाल!" दोघंही खदखदून हसायचे.

पुढे त्याचं पोट सुटलं. मग सारखी तहान लागू लागली. तो तासातासाला लघवीला उठायचा. सुईत दोरा ओवताना त्याला धूसर दिसायचं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि मधुमेह झाल्याचं सांगितलं. "इतकं गोड खाऊन वजन वाढवून ठेवलंत. आता ते बंद, आणि औषध वेळेवर. नसा खराब झाल्या तर पायाला लागलेलं कळायचंही नाही," त्या म्हणाल्या.

"मला काय धाड भरलीये?" असं म्हणत त्याने औषधांची चिठ्ठी दिनदर्शिकेमागे खोचली.

पण मला कळत होतं. काम मनासारखं जमलं की त्याची बोटं माझ्या आत हलायची. ती हलेनाशी झाली. एकदा माझ्यात खडा शिरला आणि तो दिवसभर त्याच्यावरून चालला. त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरलो.

मग माझा पुढचा तळ उकलला. त्याने घाईघाईत चार खिळे मारले. त्यातला एक जरा लांब होता. त्याचं टोक आत, करंगळीखाली वर आलं. स्वतःचा बूट म्हणून त्याने आत हात घातलाच नाही, सरळ पाय घातला. खिळा पायात शिरला. मी त्याच्या किंकाळीची वाट पाहिली. तो शीळ घालत नाडी बांधत होता.

मित्रांनो, तो खिळा माझ्यातच होता! माझ्या मालकाला मीच टोचत होतो आणि मला बाजूला होता येत नव्हतं. मी करकरलो. नाडी सैल केली. "तळ नुकताच ठोकलाय, करकरणारच," तो म्हणाला आणि नाडी आणखी आवळली. असे चार दिवस गेले. मोजा भिजला, वाळला, पुन्हा भिजला.

पाचव्या दिवशी लेकीला वास आला. तिने मोजा ओढून काढला, चिघळलेली जखम पाहिली आणि ती डॉक्टरीणबाईंना बोलवायला धावली.

जखम भरेना. अखेर इस्पितळात त्याची करंगळी आणि शेजारचं बोट काढावं लागलं.

तो घरी आला तेव्हा लेकीने माझा खिळा ठोकून सपाट केला. टोकाशी जागा रिकामी राहिली होती, तिथे कापूस कोंबला. "बाबा, दोन गेली, आठ राहिलीत. माझ्यासाठी तरी जपा हो," ती म्हणाली. तो लहान मुलासारखा रडला. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवून गोड सोडायची शपथ घेतली. तिने साखरेचा डबा शेजाऱ्यांना देऊन टाकला. तेव्हापासून रोज सकाळी ती माझ्यात हात घालून चाचपते.

शपथ तीन आठवडे टिकली. काल ती जेवणाचे डबे आणायला गेली, तेव्हा त्याने मला मांडीवर घेतलं, इकडे तिकडे पाहिलं, कापूस बाहेर काढला आणि लिमलेटच्या तीन गोळ्या आत सरकवल्या. जिथे त्याची बोटं असायची, अगदी तिथे. वरून कापूस नीट लावला.

आज सकाळी तिचा हात आत आला. टाचेकडून पुढे, चवड्यावरून पुढे. मी जिवाच्या आकांताने म्हणत होतो, आणखी थोडं, पोरी, अजून थोडं पुढे! तिची बोटं कापसाला लागली आणि थांबली.

"खिळा नाही, बाबा. घाला," ती म्हणाली. त्याने तिच्याकडे न बघता पाय आत घातला.

मी काय करू, मित्रांनो? मला हात नाहीत, आवाज नाही. तुमच्या घरातही कोणी असं लपवून गोड खात असेल. तुमचे हात लहान आहेत, ते पार टोकापर्यंत पोचतात. तुम्ही तरी कापसाशी थांबू नका.