आधी ऐकायचं, मग पुसायचं

मी एक जुना पेन ड्राइव्ह आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगतो, मी चिडलेलो आहे. माझं टोपण कधीच हरवलं, अंगावर उसाच्या रसाचा चिकट थर बसलाय. पण राग त्याचा नाही.

माझा जन्म कुठं झाला ते आठवत नाही. आठवतं ते रहिमतपूरच्या मोबाइलच्या दुकानातलं काचेचं कपाट. तिथून मला लालासाहेबांनी घेतलं. ते उसाचा ट्रॅक्टर चालवतात. दिवसा ते, रात्री त्यांचा पुतण्या यशराज. दुकानदारानं माझ्यात दणादण वाजणारी गाणी कोंबली आणि मी ट्रॅक्टरच्या टेपमध्ये जाऊन बसलो. वाटलं, झालं, आता जन्मभर हेच!

पण साखर कारखान्याच्या यार्डात एक फार सुंदर रीत आहे. उसाच्या गाड्या रांगेत उभ्या असतात आणि नंबर येईपर्यंत ड्रायव्हर लोक एकमेकांचे पेन ड्राइव्ह मागून घेतात. "नवीन काय हाय रं?" हाच तिथला रामराम. आवडेल ते उतरवून घ्यायचं, आपल्याकडचं एखादं टाकायचं आणि परत द्यायचं.

लालासाहेबांच्या प्रियदर्शनीला ही रीत कळली आणि माझं नशीबच उघडलं. ही पोरगी शाळेतून आली की दप्तर फेकून गाणी शोधत बसते. एकदा तिनं माझ्यात मंगोलियातल्या घोडे राखणाऱ्या माणसांचं गाणं टाकलं. ते लोक एकाच घशातून दोन सूर काढतात, खरंच! आणि त्याच्या मागं तिनं स्वतःचा आवाज ठेवला: "मी प्रियदर्शनी. लालासाहेबांची पोरगी. ह्ये मला नवीन सापडलंय. तुमी काय ऐकताय? मलाबी टाकून द्या की!"

यार्डात ते वाजलं तेव्हा औंधचे धोंडीबा हसून हसून स्टेअरिंगवर पडले. "आवं लालासाहेब, ह्या बाबाला आदी खोकल्याचं औषध द्या!" पण त्यांनीच ते पुन्हा लावायला सांगितलं, आणि पुढच्या खेपेला यमाईच्या यात्रेत मोबाइलवर धरलेला, नाचाबरोबर वाजणारा गजीढोल माझ्यात टाकला.

मग जत भागातला गुंडा नावाचा ड्रायव्हर आला. त्याची बायको बाळाबाई ऊसतोड टोळीत आहे. मोळी डोक्यावर घेऊन फडातून चालताना ती आईकडून शिकलेलं एक कानडी गाणं म्हणते. गुंडानं ते तिथंच रेकॉर्ड केलं. मागं कोयत्यांचा आवाज येतो, पाचोळा वाजतो. प्रियदर्शनीला त्यातला एक शब्द कळत नव्हता, तरी ती रोज मला टेपला लावून ते पाठ करायची. प्रियदर्शनीच्या आईच्या मोबाइलमध्ये ते उतरवायला जागा नव्हती, गुंडानंही त्याच्याकडचं काढून टाकलेलं. म्हणजे ते गाणं जगात फक्त माझ्याकडं होतं. केवढा मान!

आणि मग हंगाम संपत आला. शेवटच्या खेपेला ट्रॅक्टर नवरीसारखा सजवतात, गाणी लावून नेतात. यशराजला त्या दिवशी एकच डीजेचं गाणं पुन्हा पुन्हा वाजायला हवं होतं. आमच्या टेपला ते जमत नाही, एकच गाणं आत असेल तरच ते फिरून फिरून लागतं. म्हणून या शहाण्यानं आदल्या रात्री मला मोबाइलला जोडलं, सगळं पुसून टाकलं आणि ते एकच गाणं भरलं! कुणाला विचारलं? नाही. एकदा ऐकलं तरी? तेही नाही.

मित्रांनो, पुसताना मला दुखत नाही. हूं की चूं करता येत नाही. म्हणून तर जास्त संताप येतो.

सकाळी प्रियदर्शनीनं मला टेपला लावलं. "दादा, बाळाबाईचं गाणं कुठाय?"

"पुसलं. आगं, दुसरी ढीगभर भरून देतो की."

"ढीगभर नकोत मला! त्ये एकच होतं, आन् ते कुठंच मिळत न्हाई!"

"आन् तुजा आवाज तरी यार्डात कशाला? पोरं चिडवत्यात मला."

प्रियदर्शनी एवढी लाल झालेली मी कधी पाहिली नव्हती. "असं व्हय? चल मग यार्डात. टोळी आज गावाला निघालीय." सजवलेल्या ट्रॅक्टरवर वडिलांच्या शेजारी ती चढून बसली आणि यशराजला मागं मडगार्डवर बसवलं.

बाळाबाई ट्रॉलीत भांडीकुंडी चढवत होती. प्रियदर्शनीनं तिला काहीही न लपवता सगळं सांगितलं. बाळाबाईनं कमरेवर हात ठेवले. "न ऐकताच पुसलंस? आन् पोरीचा आवाज नको म्हन्तोस? मग तुजा काढ. आदी तू गा, मग मी."

"काकी, मला न्हाई येत गायला."

"पुसाय बरं आलं!"

सगळं यार्ड गोळा झालं. यशराजनं लालासाहेबांकडं पाहिलं, तर ते आभाळाकडं बघत बसलेले. शेवटी त्यानं डोळे मिटून त्या डीजेच्या गाण्याची अर्धी ओळ म्हटली. धोंडीबा ओरडले, "आरं, ह्यो तर त्या मंगोलियावाल्याचा भाऊ!"

मग बाळाबाईनं अंथरुणाचं गाठोडं डोक्यावर घेतलं. "वज्जं असल्याबिगर सूर सापडत न्हाई मला," म्हणाली, आणि गायली. प्रियदर्शनीनं धोंडीबांचा मोबाइल धरला होता. दोन्ही गाणी तिनं माझ्यात डीजेच्या गाण्याच्याही आधी टाकली, यशराजचं सगळ्यांत पहिलं. यशराज म्हणत होता, माझं तेवढं काढ. तिनं नाही काढलं.

आमचा टेप बंद करून लावला की नेहमी पहिल्या गाण्यापासून सुरू होतो, आणि प्रियदर्शनी तो गावागणिक नव्यानं लावत होती. सजवलेला ट्रॅक्टर कारखान्यातून रहिमतपूरला परतला तेव्हा रस्त्यातल्या प्रत्येक गावानं आधी यशराज ऐकला.

तरी माझा राग गेलेला नाही. गजीढोल गेला तो गेलाच, धोंडीबांच्या मोबाइलमध्येही तो आता नाही. ती यात्रा होऊन गेली, ते हात तसं पुन्हा वाजवणार नाहीत. म्हणून मित्रांनो, पोटतिडकीनं सांगतो, कुणाचंही काही पुसण्याआधी ते एकदा ऐका. पूर्ण ऐका. ते कुणाचं आहे ते विचारा.

आणि माझ्यात आता खूप जागा रिकामी आहे. प्रियदर्शनीनं शेवटी पुन्हा आपला आवाज ठेवलाय, पहिल्यापेक्षा मोठा. तुम्ही हल्ली काय ऐकताय? टाका की!